बर्फात रंगवलेलं दुपटं

रविवार, १२ जानेवारी. सकाळी ६.४०

नवी वही. रिटायरमेंटच्या वेळी कंपनीने दिलेल्या सहांपैकी शेवटची.

प्रोजेक्ट ठरला: घरच्या घरी नैसर्गिक रंग. फक्त झाडपाल्याचे. पद्धत आइस डायिंग. टबावर जाळी, जाळीवर ओलं कापड, कापडावर बर्फ, बर्फावर रंगाची पूड. बर्फ वितळतो तसा रंग खाली उतरतो आणि नक्षी आपोआप तयार होते. आठ मिनिटांचा व्हिडिओ दोनदा पाहिला. करून दाखवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिला जमतं, तर औषधांच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोल केलेल्या माणसाला जमणारच.

मृणालिनीला म्हटलं, छंद आहे. ती म्हणाली, "बाल्कनीत करा. माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही." मान्य. बर्फाला गॅस लागत नाही, पातेलं लागत नाही.

खरं कारण फक्त इथे लिहितो. परवा तिचा फोन चार्जिंगला लावताना समिधाचं स्टेटस दिसलं. समिधा आमची एकुलती मुलगी. लग्न होऊन बेव्हर्ली पार्कला असते. आमच्या इंद्रलोकहून रिक्षाने वीस मिनिटं. दोन वर्षं येणंजाणं नाही. थोडा कम्युनिकेशन गॅप आहे. माझ्या फोनवर तिचं स्टेटस दिसत नाही, सेटिंगचा काहीतरी प्रॉब्लेम असावा.

लिहिलं होतं: मार्चमध्ये आमच्याकडे छोटा पाहुणा येतोय. केमिकल रंग नसलेले बाळाचे सुती कपडे कुठे मिळतील, सांगा ना कुणीतरी.

सांगतो.

टार्गेट: चार दुपटी, सहा झबली, बारा लंगोट. फेब्रुवारीअखेर तयार. मी स्वतः नेऊन देणार. ती दार उघडेल. पुढचं होईल आपोआप.

मृणालिनीशी यावर बोलता येत नाही. "त्या घरातला विषय या घरात काढायचा नाही," असं मीच दोन वर्षांपूर्वी सांगितलंय. तिने एकदाही काढला नाही. आता मीच काढला तर शिस्त कसली.

बुधवार, १५ जानेवारी

बॅच १. बीट. ट्रायल म्हणून माझं जुनं बनियन. फ्रिजमधले दोन ट्रे बर्फ, वर बिटाची वाळवलेली पूड. चार तासांनी उघडलं. अप्रतिम गुलाबी! ढगांसारखी नक्षी. फोटो काढून ठेवला.

सायंकाळी ५. साध्या पाण्यात धुतलं. बनियन पुन्हा पांढरं. किंचित मळकट म्हणता येईल.

रिजेक्टेड. कारण: बनियनची क्वालिटी.

मंगळवार, २१ जानेवारी

बॅच २. हळद. साबण लावल्याबरोबर पिवळ्याचं लालभडक झालं. मोठा शोध लागला असं वाटून मृणालिनीला बोलावलं. ती म्हणाली, "पांढऱ्या साडीवर आमटी सांडली की तसंच होतं." खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळं. दोन दिवस उन्हात ठेवलं, तर तेही गेलं.

रिजेक्टेड. कारण: ऊन.

व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला. सुरुवातीला ती मुलगी सांगते, कापड आधी तुरटीच्या पाण्यात उकळून घ्या, नाहीतर झाडपाल्याचा रंग धरत नाही. मी दोन्ही वेळा तेवढा व्हिडिओ पुढे सरकवला होता. ही पायरी ऐच्छिक वाटते. नवशिक्यांसाठी असेल.

शुक्रवार, ३१ जानेवारी

फ्रिजचा बर्फ पुरत नाही. मृणालिनी म्हणते, फ्रीजरला बिटाचा वास येतो. म्हणून मासळी बाजारात गेलो. शांताबाई म्हणून एक कोळीण आहे, साठीची असेल. तिच्याकडे बर्फाची लादी असते. पाच किलो मागितला.

"म्हावरं कंचं?" तिने विचारलं.

म्हटलं, मासे नकोत. नुसता बर्फ.

"नुसता बरफ? घरान कोन गेलंय काय?"

नाही हो, कपडे रंगवायचेत, असं सांगितल्यावर ती कोयता खाली ठेवून हसली. शेजारणीलाही सांगितलं. मग म्हणाली, तिचा बाप जाळी रंगवायचा. झाडाची साल दोन दिवस उकळायचा आणि त्यात जाळं बुडवायचा. "थंड्यान रंग बसत न्हाय भाऊ. आग पायजे."

मी तिला पद्धतीमागचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोनासाठी यवरं?"

कसं कोण जाणे, सांगून टाकलं. मुलीच्या बाळासाठी. मुलगी बोलत नाही.

तिने बर्फ फोडला, पिशवीत भरला. पैसे देताना म्हणाली, "मंग जाऊन बस ना तिचे दारान. कपरा कशाला पायजे मधी?"

अडाणी बाई आहे. रिकाम्या हाताने कसं जाणार?

घरी आल्यावर टबाला बोंबलाचा वास. बॅच ३ रिजेक्टेड. बाळाच्या अंगाला मासळीचा वास चालणार नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बर्फ घेऊन रिक्षाची वाट बघत होतो. पिशवी गळत होती. एक बाइक थांबली. हेल्मेट काढलं तर मितेश. समिधाचा नवरा. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा त्याचा छोटा कारखाना आहे. बारावी झालाय. मी जातपात, भाषा असलं काही मानत नाही. फक्त शिक्षणाचा मुद्दा होता.

म्हणाला, "पप्पा, बसा ना. घरी सोडतो. बर्फ पिघळून जाईल."

मी त्याला सांगितलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. तो मग म्हणाला, "समिधा ठीक आहे." मी विचारलं नव्हतं. फोन कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलतोय असं दाखवत चालू लागलो.

चालतच घरी आलो. पिशवीत पाणी.

त्याने पप्पा म्हटलं, याची नोंद घेतली पाहिजे. म्हणजे घरात माझ्याबद्दल वाईट बोललं जात नसणार. संबंध मूलतः चांगले आहेत.

रविवार, १६ फेब्रुवारी

आढावा. जास्वंद: राखाडी. पालक: पाणी. कांद्याची सालं: बरा पिवळा, एका धुण्यात निम्मा गेला. मंजिष्ठा, काष्ठौषधीवाल्याकडून आणलेली, बॅच ६: कापडावर जेमतेम फिकट विटकरी.

मात्र बॅच ६ चं पाणी बाल्कनीच्या पाइपमधून खाली गेलं. सहाव्या मजल्यावरचा साईराज बँकेत आहे, त्याचा पांढरा शर्ट वाळत होता. सकाळी शर्ट घेऊन आला. तीन वेळा धुतला म्हणे, डाग हलत नाही.

खरं सांगायचं तर आजवरचा सर्वात पक्का रंग त्या शर्टावर आलाय. त्याला विचारलं, हा शर्ट कसा धुतो, स्टार्च कुठला वापरतो. मृणालिनीने मधे पडून माफी मागितली.

टार्गेटमध्ये थोडा बदल: दोन दुपटी, तीन झबली. लंगोटांना रंग कशाला हवा?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मृणालिनीने भजनी मंडळ जॉइन केलंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी. चांगलं आहे, तिचा वेळ जातो. एक महिना झाला, पण घरात एकही भजन गुणगुणताना ऐकलं नाही. गळा नसावा. आज जाताना मोठा डबा भरून डिंकाचे लाडू घेऊन गेली. एवढे कशाला विचारलं, तर म्हणाली, "बायकांना ताकद हवी असते." मंडळात गुडघेदुखीवाल्या बऱ्याच असाव्यात.

माझ्याकडचं कापड संपलं होतं. काल सहज बोलून गेलो की मऊ, वापरलेलं सुती मिळालं तर बरं. संध्याकाळी बाल्कनीत टबाजवळ तिची जुनी पांढरी साडी घडी करून ठेवलेली. धुऊन धुऊन साईसारखी मऊ झालेली. समिधा लहान असताना मृणालिनी हीच नेसायची. कशाला हवंय, तिने विचारलं नाही.

तिला काहीच संशय आलेला नाही. गुप्तता राखण्यात मी यशस्वी झालोय.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड

खाली सोसायटीत मुलं रंग खेळतायत. एका पुडीत काम होतंय त्यांचं.

टार्गेट: एक दुपटं. एकच पण उत्तम. डेडलाइन फेब्रुवारीअखेर होती, ती तूर्त मार्चअखेर. माल उशिरा गेला तरी चालतो, खराब जाता कामा नये.

आज समिधाची फार आठवण येतेय. धुळवडीला ती माझे कान धरून रंगवायची. दोन वर्षांपूर्वीचं ते प्रकरण खरं म्हणजे एका वाक्याचं. वाक्य संदर्भ सोडून घेतलं गेलं. बापाच्या तोंडून काळजीपोटी काहीतरी निघतं. त्यात फोनचा स्पीकर चालू होता, हे मला माहीत नव्हतं. कुणालाही विचारा, यात माझी चूक किती? दहा टक्के.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी साडेआठला मृणालिनीला फोन आला. चहा अर्धा टाकून गेली. भजनी मंडळाची अर्जंट मीटिंग. सकाळी साडेआठला?

संध्याकाळी सातला आली. डोळे सुजलेले आणि चेहरा मात्र हसरा. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि शिरा केला. भरपूर तुपाचा. माझ्या हातात वाटी दिली आणि समोर बसली. मी खात होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी विचारीन, असं वाटत असल्यासारखी.

मी विचारलं, "मीटिंग कशी झाली?"

ती म्हणाली, "छान झाली. सगळं सुखरूप झालं."

उठून आत गेली. मीटिंग सुखरूप होणं, हा शब्दप्रयोग चुकीचा आहे.

शिरा चांगला झाला होता.

सोमवार, २४ मार्च

यश.

शेवटी तुरटीच्या पाण्यात उकळून बघायचं ठरवलं. स्वतःच्या निर्णयाने, शांताबाईचा संबंध नाही. बाल्कनीतून आत आलो, तर ओट्यावर मृणालिनीचं मोठं पातेलं काढून ठेवलेलं. तिच्या आईचं. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाली, "घ्या. नंतर चिंचेने घासून ठेवा." आणि भजनाला गेली. सोमवारी.

साडीचा तुकडा तासभर उकळला. रात्रभर तसाच ठेवायला नको म्हणून दुपारीच पिळला, टबावर पसरला. वर बर्फ. बर्फावर डाळिंबाच्या सालींची पूड, कांद्याची सालं, मंजिष्ठा. या वेळी हलवलं नाही, उचलून बघितलं नाही. खुर्ची टाकून बसून राहिलो. साडेपाच तास. बर्फ वितळताना बारीक आवाज येतो, हे प्रथमच कळलं.

मधे पिवळा, कडेला फिकट लाल, कुठे कुठे अजिबात काही नाही. व्हिडिओतल्यासारखं नाही. पण दुपटं आहे. कुणीही दुपटंच म्हणेल.

वॉश टेस्ट केली नाही. वेळ कमी आहे.

शनिवार, २९ मार्च

दुपट्याला मशीनवर टीप मारून घेतली. इस्त्री केली. उद्या पाडवा. चांगला दिवस आहे, उद्याच घेऊन जातो. अंदाजे बाळ व्हायला अजून दोनेक दिवस असतील. वेळेत पोचतोय म्हणजे.

मृणालिनी आज सकाळी दहालाच गेली. मोरपिशी सिल्कची साडी, नथ, गजरा. हातात चुरगळलेल्या कागदात गुंडाळलेला छोटा पुडा, आत चांदीचे वाळे असावेत. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम आहे म्हणे. मी म्हटलं, मी येऊ का ऐकायला? ती दारात थांबली. चपला घातलेल्या.

मग म्हणाली, "पुरुषांना बोलावलेलं नाही."

रविवार, ३० मार्च. पाडवा

दूध आणायला निघालो तर लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरच्या आनंदीताई भेटल्या. म्हणाल्या, "अभिनंदन, आजोबा! कालचे बारशाचे फोटो पाहिले मृणालिनीताईंच्या स्टेटसला. किती गोड आहे नात. आणि नावही किती छान ठेवलंत!"

मी म्हणालो, "हो ना."

"कुणी सुचवलं नाव?"

मी म्हणालो, "सर्वानुमते."

लिफ्टला आठ मजले उतरायला एवढा वेळ का लागतो? मी त्यांना म्हणालो, नाव लिहायचं कसं, यावर घरात जरा मतभेद आहेत, तुम्ही कसं लिहाल? त्या म्हणाल्या, "आरोही असंच की. दुसरं कसं?"

आरोही.

दूध न घेताच वर आलो. मृणालिनी गुढीला साडी नेसवत होती. मी म्हणालो, "आरोही." तिने काठी धरून ठेवली. म्हणाली, "अठरा तारखेला झाली. पावणेतीन किलो."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुम्हीच सांगितलं होतं, त्या घरातला विषय या घरात नको. मी नाही काढला." मग म्हणाली, "तुम्ही एकदा तरी विचाराल म्हणून रोज वाट बघितली. शिरा दिला त्या दिवशी तर वाटलं, आता विचाराल."

तिच्यावर ओरडायचं होतं.

भजनी मंडळ नावाचं काही नाहीच. जानेवारीपासून ती बेव्हर्ली पार्कला जातेय.

दुपारी ४. ते वाक्य लिहून ठेवतो. आजवर कुठे लिहिलं नाही.

समिधाचं पहिलं बाळ चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. तिने आईला फोन केला होता. मृणालिनी रडत होती. मी पेपर वाचत होतो. मी म्हणालो, "बरं झालं. आता तरी सुटेल तिथून."

स्पीकर चालू आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी दोन वर्षं सांगतोय. पण समिधाच्या रडण्याचा आवाज खोलीभर येत होता. तो ऐकूनच मी बोललो. माहीत नव्हतं कसं म्हणू?

मंगळवार, १ एप्रिल

मृणालिनीला न सांगता गेलो. दुपटं खाकी कागदात, वर दोरा. पाढे म्हणावेत तसं रिक्षात वाक्य पाठ करत गेलो. समिधा, माझं चुकलं. समिधा, माझं चुकलं. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून विचारलं, "कुछ बोला अंकल?"

सोसायटी मोठी आहे. गेटवर वॉचमनने विचारलं, कुठे जायचंय? विंग आणि फ्लॅट नंबर सांगितला. त्याने माझ्या हातातल्या पुड्याकडे बघितलं. "पार्सल है क्या?"

मला नाही म्हणायचं होतं. मैं लड़की का बाप हूँ, एवढं एक वाक्य. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्याने इंटरकॉम उचललासुद्धा. "मॅडम, पार्सल आया है." ऐकलं, ठेवलं. मला म्हणाला, "ऊपर मत जाओ, बेबी सोया है. इधर ही रख दो."

त्याने रजिस्टरमध्ये कामाच्या रकान्यात "पार्सल" लिहिलं. मी सही केली.

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रजिस्टरमधल्या चुका लाल शाईने गोल केल्या आहेत. आज ही एक नाही केली.

टेबलावर ठेवून निघालो. रिक्षा मिळायला दहा-बारा मिनिटं लागली. ऊन फार होतं.

पूर्ण विचार करता निष्कर्ष असा: समिधाने मला वर येऊ नका म्हटलेलं नाही. ते पार्सलला सांगितलं. मी आलोय हे तिला कळलं असतं, तर कदाचित वेगळं झालं असतं. म्हणजे अजून नकार मिळालेला नाही.

गुरुवार, ३ एप्रिल. संध्याकाळी ७.१०

मृणालिनी बेव्हर्ली पार्कहून आली. आता भजनाचं नाव सांगत नाही, सरळ सांगून जाते.

चपला काढता काढता म्हणाली, "परवा तुम्ही गेला होतात तिकडे."

मी हातातला पेपर मिटला.

"तिने खिडकीतून बघितलं तुम्हाला. पार्सल म्हटल्यावर बघायला गेली, तर तुम्ही. रिक्षा मिळेपर्यंत खिडकीतच उभी होती म्हणाली."

दहा-बारा मिनिटं.

मी विचारलं, "हाक नाही मारली?"

"नाही."

मृणालिनी पाणी प्यायली. पंखा वाढवला. मग म्हणाली, "दुपटं उघडलं तिने. साडी ओळखली लगेच. हात फिरवत होती. मला म्हणाली, बाबांना विचार, याचा रंग जातो का?"

उत्तरं बरीच होती. तुरटीचं प्रमाण, पाण्यातला क्षार, पहिल्या धुण्यात जास्तीचा रंग निघतो तो दोष नव्हे.

मग मी म्हणालो, "जातो. बाळाच्या इतर कपड्यांपासून वेगळं धुवायला सांग."

तिने तसा मेसेज केला. दोन निळ्या टिक्स आल्या. उत्तर काही आलं नाही.